मेस्त्रींचा कान

मेस्त्रींनी आयुष्यात कधी मोजपट्टी विकत घेतली नाही. गरजच पडली नाही, असं ते म्हणायचे. लाकडाच्या ठोकळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली की खोड आतून किती कोरायचं ते त्यांना कळायचं, आणि कातडं अंगठा-बोटाच्या चिमटीत धरून एकदा चोळलं की ते ढोलावर कसं बोलणार हे समजायचं. निदान तसं ते सगळ्यांना सांगायचे, आणि तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांनी ते मान्यही केलं होतं. हाताने वाजवायचे ढोल करणारा असा माणूस आसपासच्या पाच-सहा गावांत नव्हता. त्यामुळे त्यांचा तोरा अगदीच फुकाचा नव्हता. थोडा जास्त होता, एवढंच.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. आत शिरलं की डाव्या भिंतीला कोरलेली खोडं वाळत उभी, उजवीकडे दोऱ्यांची वेटोळी आणि लोखंडी कडी खिळ्यांना टांगलेली, आणि मागच्या खिडकीपाशी मेस्त्रींचा बसायचा पाट. वर दोन खोल्यांचं घर. खाली मेस्त्री जे काही बोलत ते वर मेस्त्रीणबाईंना ऐकू जायचं, आणि मेस्त्री बोलत फार.

कोणी ढोल घ्यायला आलं की त्याची आधी शिकवणी व्हायची. “खोड म्हणजे ढोलाचं पोट,” मेस्त्री सुरू करायचे. “लाकूड जड पाहिजे, नीट वाळलेलं पाहिजे. ओल्या लाकडाचा ढोल आज गातो आणि वर्षाने तडकतो. हलकं लाकूड आवाज गिळून टाकतं. आतून छिन्नीचे ओरखडे थोडे राहू द्यायचे, फार गुळगुळीत केलं तर आवाज कर्कश होतो. काठ असा गोल घासायचा की कातड्याला टोचणार नाही आणि आवाजही पसरणार नाही. पण हे सगळं झालं पोटाचं. बोलते ती जीभ, आणि जीभ म्हणजे कातडं.” मग ते तळहात मधोमध टाकायचे, की धूम असा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. मग चार बोटं काठावर. टण्. आणि त्या टण्णच्या मागून एक बारीक, लांब नाद निघायचा, तो विरता विरता बराच वेळ खोलीत राहायचा. “हिला शेपटी म्हणतात,” मेस्त्री सांगायचे. असं फक्त मेस्त्रीच म्हणायचे, पण गिऱ्हाइकं मान डोलवायची. खरं म्हणजे या शेपटीसाठीच लोक त्यांच्याकडे यायचे.

हे जिभेचं कातडं यायचं मेस्त्रीणबाईंच्या धाकट्या भावाकडून. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याची चुन्याच्या पाण्याची तीन कुंडं होती. बकऱ्याचं कातडं किती दिवस चुन्यात ठेवायचं, केस कधी सुटतात, किती पाण्यांनी धुवायचं, सावलीत चौकटीवर कसं ताणायचं, म्हणजे पोटाकडची बाजू सैल पडत नाही, हे तो कोणाला सांगायचा नाही, कारण कोणी विचारायचंच नाही. अबोल माणूस. दर महिन्याला सायकलवर गठ्ठा बांधून यायचा, बहिणीच्या हातचा चहा प्यायचा, “बरंय दाजी” म्हणायचा आणि जायचा. “बायको आणि कातडं एकाच घरातून आणलं, आणि दोन्ही टिकाऊ निघालं,” हा मेस्त्रींचा चारचौघांतला ठरलेला विनोद होता. त्यावर मेस्त्रीणबाई त्यांच्याकडे एकदा नीट बघून वर निघून जायच्या.

ढोलाच्या खोडावर मेस्त्रींची खूण ठळक कोरलेली असायची. मेहुण्याचीही एक खूण होती, कातड्याच्या मागच्या टोकाला दाभणाने पाडलेली दोन भोकं. ती कड्याखाली दुमडून जायची. इतक्या वर्षांत हजारभर ढोल दुकानातून गेले असतील. पण या आवाजातला निम्मा वाटा मेहुण्याचा आहे, हे मेस्त्रींच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ते वाईट माणूस होते म्हणून नव्हे. ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि हे मला जास्त वाईट वाटतं.

मेस्त्री अठ्ठावन्न वर्षांचे झाले तेव्हा ढोलांची शेपटी आखूड व्हायला लागली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, हवा दमट आहे. मग वाटलं, खोड नीट वाळलं नसेल. तिसऱ्या ढोलालाही तेच. टण् व्हायचं आणि तिथेच संपायचं. यावर उपाय त्यांना ठाऊक होता. कातडं पातळ केलं की नाद वाढतो. त्यांनी चांभाराची असते तशी गोल पात्याची रापी काढली आणि ताणण्याआधी कातडं आतल्या बाजूने खरवडायला घेतलं. थोडी शेपटी परत आल्यासारखी वाटली. पुढच्या ढोलाला आणखी थोडं खरवडलं. वर्षभरात ते कातडी इतकी पातळ करायला लागले की उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी.

त्याच दिवसांत ते घरी म्हणायचे, “हल्ली डास राहिले नाहीत. औषध मारतात वाटतं.” मेस्त्रीणबाई स्वतःच्या दंडावर चापट मारायच्या आणि त्यांच्याकडे बघत राहायच्या.

मग ढोल परत यायला लागले. एकाचं कातडं चार महिन्यांत मधून फाटलं, दुसऱ्याचं काठाशी. तिसरा माणूस आला तो फाटलेला ढोल घेऊन नव्हे, धडधाकट ढोल घेऊन. “मेस्त्री, हा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो,” तो म्हणाला. मेस्त्रींनी वाजवून पाहिला. त्यांना तर तो अजूनही मुकाच वाटत होता. स्वतःच्या हातावर संशय घ्यायचा तर चाळीस वर्षांचा इतिहास आड येत होता. खोडं तीच, दोऱ्या त्याच, कडी तीच. राहिलं काय? कातडं.

त्यात आणखी एक झालं. मेहुण्याकडून येणारी कातडी जाड यायला लागली. मेस्त्रींच्या चिमटीला ते पहिल्याच गठ्ठ्यात कळलं. “काय रे, बकरं कापलंस की म्हैस?” त्यांनी विचारलं.

“असू द्या, दाजी,” मेहुणा म्हणाला. “तुम्ही खरवडताच की.”

हे मेस्त्रींना झोंबलं. एक तर माल खराब, वर हा उद्धटपणा. दोन महिने त्यांनी मनात ठेवलं. तिसऱ्या महिन्यात मेहुणा गठ्ठा घेऊन आला तेव्हा दुकानात तीन माणसं होती. त्यांतला एक बाजारपेठेतला कापडवाला. हा रविवारी चार मित्रांबरोबर ढोल वाजवायचा, आणि बाकीचे सहा दिवस दुकानात बसून गावभरच्या बातम्या मापून द्यायचा. मेस्त्रींनी गठ्ठा सोडला, वरचं कातडं चिमटीत धरलं, आणि त्यांचा तोल गेला.

“हे बघा,” ते त्या तिघांना म्हणाले, “सख्खा मेहुणा. तीस वर्षं डोळे मिटून याचं कातडं घेतलं, आणि आता हा असला माल माझ्या गळ्यात मारतोय. माझे ढोल का फाटतात विचारत होतात ना? हे कारण. याच्या चपला होतील. ढोल नाही व्हायचा.”

“दाजी, एकदा भिजवून तर बघा,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला.

“तू मला शिकवणार?” मेस्त्रींनी गठ्ठा उचलला आणि दारातून रस्त्यावर फेकला.

मेस्त्रीणबाई आवाज ऐकून अर्धा जिना उतरल्या होत्या. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात भावाने त्यांच्याकडे पाहून मान किंचित हलवली. त्या तिथेच थांबल्या. मेहुणा रस्त्यावर वाकला, नऊ कातडी एकेक करून उचलली, बाहीने त्यांची धूळ पुसली, सायकलला बांधली. “येतो, ताई,” म्हणाला आणि गेला.

“बघा, एक शब्द तरी बोलला का?” मेस्त्री त्या तिघांना म्हणाले. आपणच खरे ठरलो याचा त्यांना आनंदसुद्धा झाला.

त्यानंतर मेहुणा आला नाही. मेस्त्रींनी घरात सांगून टाकलं, “तुला भेटायचं तर तू जा, पण त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.” मेस्त्रीणबाई वर्षातून दोनदा जायच्या आणि परत येऊन स्वयंपाकाला लागायच्या. गावात बातमी पसरली की कुंडवाल्याचा माल बिघडला. आधी दुसरे वाद्यवाले तुटले, मग चांभार. दीडेक वर्षाने तिन्ही कुंडं बुजवली गेली. मेस्त्रींनी कारखान्यातली कातडी आणून पाहिली, तीही खरवडून वाया घालवली, आणि शेवटी कंटाळून ढोलांवर प्लास्टिकचे पडदे बसवायला लागले. प्लास्टिक खरवडता येत नाही. साहजिकच तक्रारी थांबल्या. मग तर लोकांची खात्रीच पटली की दोष त्या कुंडवाल्याच्या कातड्यातच होता. मेस्त्रींचीही पटली. प्लास्टिकला शेपटी अजिबात नव्हती, पण त्याला ते काळाचा दोष म्हणायचे.

अशी सहा वर्षं गेली. मग एका सकाळी संगीतशाळेतल्या बाई एक जुना ढोल घेऊन आल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेस्त्रींनीच केलेला. दोऱ्या झिजल्या होत्या, तेवढ्या बदलून हव्या होत्या.

मेस्त्रींनी दोऱ्या सैल केल्या, कडं सरकवलं, तर कातड्याच्या दुमडलेल्या टोकाला दोन भोकं दिसली. नव्या दोऱ्या घातल्या, ताणल्या, आणि चार बोटं काठावर टाकली. टण्. संपलं.

“कातडं मेलंय, बाई,” ते म्हणाले. “प्लास्टिक बसवून देतो.”

“मेलंय?” बाई हसल्या. “अहो, शाळेत नवे सात ढोल आहेत, ते सगळे आम्ही याच्यावर जुळवतो. परत वाजवा बरं.”

मेस्त्रींनी वाजवला. बाईंनी एक बोट वर केलं. मेस्त्रींच्या लेखी आवाज केव्हाच संपला होता, पण बाईंचं बोट वरच होतं. त्यांनी डोळे मिटले होते. “आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “अजून आहे... अजून...” रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग कुठे बाईंनी बोट खाली केलं. “आता गेला,” त्या म्हणाल्या. “असा नाद आता कुठे मिळतो, मेस्त्री? कातडं कोणाचं होतं हे?”

मेस्त्रींनी ढोल त्यांच्या हातात दिला. बाई गेल्या, आणि मेस्त्री कधी नव्हे ते दुपारी दुकान लावून घेऊन वर गेले. मेस्त्रीणबाई खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होत्या.

“मला ऐकू येत नाही का गं?” त्यांनी विचारलं.

मेस्त्रीणबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. “येतं,” त्या म्हणाल्या. “बारीक येत नाही. सात-आठ वर्षं झाली. नळ ठिबकत असतो, तुम्ही शेजारी बसलेले असता, उठत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“कोणाला? तुम्हाला?”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी यापेक्षा कडू काही विचारलं नव्हतं. मग मेस्त्रीणबाई सगळं बोलल्या, एकदा सुरू झाल्यावर थांबल्या नाहीत.

“धाकट्याला माझ्याआधी कळलं होतं. तुमचा एक फाटका ढोल त्याने बघितला, कातड्यावरून बोट फिरवलं. मला म्हणाला, ताई, दाजी फार खरवडतायत, त्यांना शेपटी ऐकू येत नाहीये. मी म्हटलं, सांग त्यांना. तर म्हणे, ढोलवाल्याला कसं सांगायचं, की तुझा कान गेला? मग जगायचं कशावर त्यांनी? म्हणाला, मी जाड कातडी निवडून पाठवतो. त्यांनी कितीही खरवडलं तरी शेवटी बरोबर मापाला येईल. त्यांना कळणारही नाही. म्हणून जाड होती ती कातडी. दोन-दोन दिवस फिरायचा तसली शोधत. तुम्ही ती रस्त्यावर फेकलीत.”

“तू तेव्हा जिन्यात होतीस,” मेस्त्री म्हणाले.

“होते. तीन माणसांसमोर सांगायचं होतं का, की माझा नवरा बहिरा होत चाललाय? त्यानेच मान हलवून अडवलं मला. नंतर दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तुम्ही ताटावरून उठून गेलात.” त्यांनी सुई परत हातात घेतली. “चूक माझीही आहे. मी नवऱ्याची अब्रू धरून बसले, भावाची सोडली.”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री मेहुण्याला भेटायला गेले. तो एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होता. आत यंत्रांची घरघर इतकी होती की काही बोलता येईना, म्हणून दोघे मागच्या अंगणात गेले. तिथे ओल्या चादरींच्या रांगा होत्या. मेहुण्याने कठड्यावरची एक टोपली उचलून दाजींना बसायला जागा केली. त्याचे हात पाण्याने पांढरे पडून सुरकुतले होते. पूर्वी चुन्याने असेच व्हायचे.

“मला सगळं कळलंय,” मेस्त्री म्हणाले.

“ताई बोलली वाटतं.” मेहुण्याला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही.

“माझ्या तोंडाने तुझा धंदा बुडाला.”

“नाही हो,” मेहुणा म्हणाला. “नुसत्या तुमच्या बोलण्याने नसता बुडाला. तुमचा स्वभाव लोकांना माहीत आहे. बरेच जण मला येऊन विचारायचे, खरं काय ते. तो कापडवालासुद्धा आला होता. मीच सांगितलं त्यांना, की माल माझा खराब निघाला म्हणून.”

“खोटं सांगितलंस?”

“मग काय सांगू? कातडं माझं नाही, तर मग कोणाचा दोष, हे त्यांनी विचारलंच असतं. ढोलवाल्याचा कान गेलाय, हे एकदा बाहेर पडलं की संपलं. ताईचं घर होतं ते.”

“आणि तुझं घर?”

मेहुण्याने चादरीचं एक टोक सरळ केलं. “मला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत तुमच्या लक्षात येईल,” तो म्हणाला. “तुम्ही याल. म्हणून कुंडं चालू ठेवली होती. दीड वर्ष पाणी बदलत होतो.”

मेस्त्रींना रडू आलं. ते आधी कधी मेहुण्यासमोर रडले नव्हते, आणि मेहुण्यालाही त्याचं काय करायचं ते समजेना. तो त्यांच्याशेजारी नुसता उभा राहिला. मेस्त्री म्हणाले, पुन्हा कुंडं खोद, मी खर्चाचं बघतो. मेहुणा म्हणाला, ती जागा गेली, तिथे आता गाड्या उभ्या करतात. मेस्त्री म्हणाले, मग मी गावभर खरं सांगतो. त्यावर मेहुण्याने मान हलवली. “कशाला, दाजी? मला आता कातड्याचं काम करायचंच नाही. उगाच तुमचं दुकान जाईल. झालं ते झालं.”

पण मेस्त्रींना ते सोडवेना. धंदा परत देता येत नव्हता, वर्षं परत देता येत नव्हती. निदान माणसाचं नाव तरी परत द्यावं, एवढं एकच आता त्यांच्या हातात होतं. मग दुकान राहो की जावो. ते तिथून निघाले ते थेट बाजारपेठेत कापडवाल्याकडे. बोलणं तिथूनच पसरलं होतं, तर निस्तरायचंही तिथूनच, असं त्यांनी वाटेत ठरवलं. काय बोलायचं तेही दोनदा मनात म्हणून पाहिलं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ते बरंच झालं, असं मेस्त्रींना वाटलं. ते काउंटरपाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्या दिवशी माझ्या दुकानात मी मेहुण्याला बोललो, ते खोटं होतं. त्याचं कातडं चांगलं होतं. माझा कान गेला होता. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मीच कातडी खरवडून खराब केली. ढोल माझ्यामुळे फाटले. हे तुम्ही सगळ्यांना सांगा.”

कापडवाल्याने हातातलं कापड बाजूला ठेवलं, काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि मेस्त्रींचे दोन्ही हात धरले.

“मेस्त्री,” तो म्हणाला, “मेहुणा आहे म्हणून एवढं पांघरूण घालता? अहो, त्याने स्वतः मला सांगितलंय, माल माझा खराब होता म्हणून. आणि तुमचा कान? तुमच्यासारखा कान या गावात कोणाला आहे?”

“मी खरं सांगतोय,” मेस्त्री म्हणाले. “मला खरंच ऐकू येत नाही. विचारा माझ्या बायकोला.”

“म्हणजे वहिनींचाच आग्रह दिसतोय. चालायचंच, शेवटी भाऊ आहे त्यांचा.” कापडवाल्याने त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि चहा सांगितला. मेस्त्री पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पण कापडवाला तोवर गिऱ्हाइकांकडे वळला होता. त्या मेहुण्याने यांना केवढं बुडवलं आणि तरीही हा माणूस त्याच्यासाठी स्वतःवर दोष घेतोय, हे तो त्यांना सुरुवातीपासून समजावून सांगत होता.